ज्योतिष-प्रवेशिकांतील गणित आणि फल : वऱ्हाडाच्या संदर्भात एक परीक्षण

१

ज्योतिषाची प्रवेशिका हा ग्रंथप्रकार मराठीत विपुल आहे. परंतु ग्रंथप्रकार म्हणून त्याचे परीक्षण क्वचितच झाले आहे. ज्योतिष खरे की खोटे, या वादाच्या गदारोळात प्रत्यक्ष पुस्तकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. समर्थक त्यास शास्त्र म्हणून वंदन करतात, विरोधक थोतांड म्हणून बाजूस सारतात. या दोहोंच्या मध्ये जो नवशिका विद्यार्थी वही घेऊन पहिल्या पानापासून बसलेला असतो, त्याला ते पुस्तक काय शिकविते, कोणत्या क्रमाने शिकविते आणि कोणत्या भाषेत शिकविते, हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न होय.

अशा परीक्षणास एक स्थळ निश्चित करणे अगत्याचे आहे. कारण ज्योतिषातील पहिला महत्त्वाचा धडा, म्हणजे लग्नसाधन, स्थळावाचून शिकताच येत नाही. येथे अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव घेतले आहे. त्याची दोन कारणे आहेत. प्रचलित पुस्तकांतील उदाहरणे बहुधा पुणे-मुंबईची असतात. अशा वेळी वऱ्हाडातील विद्यार्थ्यास ती आपल्या गावाकडे वळवून घ्यावी लागतात, आणि पुस्तकाने खरोखर काय शिकविले याची कसोटी तेथेच लागते. दुसरे असे की, ज्योतिष-अध्यापनाच्या इतिहासात वऱ्हाडाचा वाटा सामान्यतः समजला जातो त्याहून पुष्कळच मोठा आहे.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ज्योतिष-प्रवेशिका म्हणजे एका बांधणीत घातलेली दोन पुस्तके होत. पहिल्यातील विधाने पडताळता येतात, दुसऱ्यातील येत नाहीत. पहिल्या भागाने विद्यार्थ्याचा जो विश्वास संपादन केलेला असतो, तो दुसऱ्या भागाच्या कामी लावला जातो; आणि हे संक्रमण ज्या ठिकाणी घडते ते ठिकाण पुस्तकात दाखविलेले नसते. ते ठिकाण दाखविणे हे समीक्षेचे काम आहे.

२

प्राचीनांनी ज्योतिषाचे तीन स्कंध मानले : गणित अथवा सिद्धांत, संहिता आणि होरा. गणितात ग्रहांची स्थानगती, संहितेत शकुन, पर्जन्य, मुहूर्त इत्यादी, आणि होरेत जन्मकालावरून व्यक्तीचे फल. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हा विभाग कटाक्षाने पाळतो, हे त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण आहे. प्रवेशिकांनी मात्र तिन्ही स्कंधांची सरमिसळ केली.

या सरमिसळीचा उगम पाहू गेल्यास वऱ्हाडातच यावे लागते. श्रीपतिभट्ट हा अकराव्या शतकातील ज्योतिषी. त्याच्या ‘धीकोटिद’ या करणग्रंथाचा आरंभकाल शके ९६१, म्हणजे इ. स. १०३९ हा आहे. त्याचे गाव रोहिणीखंड. ते बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड होय, असे मानले जाते. ‘सिद्धांतशेखर’ हा त्याचा गणितग्रंथ, ‘ज्योतिषरत्नमाला’ हा मुहूर्तग्रंथ आणि ‘जातकपद्धती’ हा होराग्रंथ. एकाच लेखकाने तिन्ही स्कंधांवर लिहिले खरे. पण तीन स्वतंत्र ग्रंथांत लिहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

‘ज्योतिषरत्नमाले’वरील मराठी टीका ही मराठी गद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मु. ग. पानसे यांनी तिचे संपादन करून १९५७ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने ती प्रसिद्ध केली. टीका खुद्द श्रीपतीची की नंतरच्या कोणाची, आणि तिचा काल कोणता, याविषयी मतभेद आहेत. परंतु कर्तृत्वाचा निर्णय कसाही लागला, तरी मराठी गद्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत एक ज्योतिष-शिकवणी आहे, ही वस्तुस्थिती बदलत नाही. खानदेशातील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखाशी तिची तुलना उद्बोधक ठरेल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने जो मठ स्थापिला त्याची हकीकत या लेखात आहे. त्यातील विद्येचा गौरव संस्कृतात आहे. मठाला द्यावयाच्या दानांचा तपशील मात्र मराठीत आहे. रत्नमालेच्या टीकेत मराठी दानपत्रातून अध्यापनात आलेली दिसते. संस्कृत न येणाऱ्यास अथवा अल्प येणाऱ्यास शास्त्र समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे, आणि आजच्या प्रत्येक ‘सुलभ’ पुस्तकाचे मूळ तेथे आहे.

श्रीपतीनंतरही वऱ्हाडातील घराण्यांनी हे अध्यापन चालू ठेवले. मात्र ते पुढे काशीस गेले. एलिचपूरच्या परिसरातील पयोष्णीतीरच्या दधिग्रामचे घराणे यांत प्रमुख आहे. बीजगणितावर टीका लिहिणारा कृष्णदैवज्ञ, इ. स. १६०३ मध्ये सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाशक’ टीका पूर्ण करणारा त्याचा भाऊ रंगनाथ, आणि रंगनाथाचा पुत्र, ‘सिद्धांतसार्वभौम’कार मुनीश्वर हे सर्व या कुळातले. मूळच्या विदर्भातील आणखी एका घराण्याने ‘ताजिकनीलकंठी’ (१५८७) आणि ‘मुहूर्तचिंतामणि’ (१६००) हे दोन ग्रंथ दिले. पहिल्याचा कर्ता नीलकंठ, दुसऱ्याचा त्याचा धाकटा भाऊ राम. मुहूर्त काढणाऱ्या भिक्षुकाच्या हाती आजही रामदैवज्ञाचा ग्रंथ असतो. आणि भावचलित कुंडली मांडताना लग्न व दशमलग्न यांमधील अंतराचे तीन सारखे भाग करण्याची जी रीत शिकविली जाते, तिला श्रीपतिपद्धती म्हणतात. चांदूर रेल्वेचा विद्यार्थी पुण्याचे पुस्तक उघडून जे शिकतो, त्यातील पुष्कळसे शेकडो वर्षांपूर्वी त्याच्याच मुलखातून बाहेर गेलेले आहे.

३

आता पहिल्या पुस्तकाचा, म्हणजे गणिताचा विचार करू. चांदूर रेल्वेचे अक्षांश उत्तर २०° ४९′ आणि रेखांश पूर्व ७७° ५९′ आहेत. एवढ्या दोन आकड्यांवर नवशिक्याला किती शिकता येते हे पाहण्यासारखे आहे.

भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ या रेखांशाची. चांदूर त्याच्या पश्चिमेस ४° ३१′. एका अंशास ४ मिनिटे याप्रमाणे तेथील स्थानिक मध्यमवेळ प्रमाणवेळेच्या १८ मिनिटे मागे येते. गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि घड्याळाचा हा प्रश्न रेल्वेनेच उत्पन्न केला. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी लोहमार्गावर मद्रासची वेळ चाले. ती चांदूरच्या स्थानिक वेळेहून ९ मिनिटे पुढे. पुढे १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सर्व घड्याळे एक तास पुढे सारलेली होती. म्हणजे एकाच घराच्या जुन्या वहीत आजोबा, वडील आणि नातू यांच्या जन्मवेळा तीन निरनिराळ्या घड्याळांच्या असू शकतात. हा संस्कार केवळ शोभेचा नाही. नवमांश ३° २०′ चा असतो. १८ मिनिटांत लग्न सावकाश उगवणाऱ्या राशीतही ४ अंश सरकते. तेव्हा संस्कार विसरल्यास लग्नाचा नवमांश चुकणारच.

यापुढे पलभा. विषुवदिनी मध्यान्हीस १२ अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा होय. चांदूरची पलभा ४ अंगुळे ३४ व्यंगुळे येते. विद्यार्थ्याने २१ मार्चच्या सुमारास अंगणात काठी उभी करून ती मोजावी. पुस्तक बरोबर की चूक हे त्याचे त्याला कळेल. त्याच अक्षांशावरून असेही निघते की मे महिन्याच्या २४ तारखेच्या आणि जुलैच्या १९ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य चांदूरच्या बरोबर डोक्यावर येतो व काठीची सावली पायातळी नाहीशी होते.

कोकणातील नांदगावच्या गणेशदैवज्ञाने शके १४४२ मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-चापांचा खटाटोप टाळून सर्व गणित साध्या गुणाकार-भागाकारावर आणले आहे. त्याच्या रीतीने पलभेस अनुक्रमे १०, ८ आणि १० यांनी गुणावे व शेवटचा गुणाकार ३ ने भागावा. चांदूरची चरखंडे ४६, ३७ आणि १५ पळे येतात. लंकोदय २७८, २९९ व ३२३ पळे यांतून ती वजा केली असता मेष, वृषभ, मिथुन यांचे उदय २३२, २६२, ३०८ पळे. उलट क्रमाने मिळविली असता कर्क, सिंह, कन्या यांचे ३३८, ३३६, ३२४ पळे. सहांची बेरीज १८०० पळे, म्हणजे अर्धा अहोरात्र. बेरीज जुळली की चरखंडे वजा करण्यात व मिळविण्यात चूक नाही, अशी ही कसोटी आहे. एक पळ २४ सेकंदांचे. तेव्हा सायन मेष चांदूरच्या क्षितिजावर १ तास ३३ मिनिटांत उगवते, तर सायन कर्क २ तास १५ मिनिटांत. ‘प्रत्येक लग्न सुमारे दोन तास असते’ हे प्रवेशिकांतील सरधोपट विधान किती ढोबळ आहे हे यावरून दिसेल.

हे उदय सायन राशींचे आहेत. कुंडलीत राशी निरयन असतात. अयनांश २४ धरल्यास निरयन मेषेत सायन मेषेचे ६ आणि सायन वृषभेचे २४ अंश पडतात, आणि तिचा उदयकाल २५६ पळे, म्हणजे १ तास ४२ मिनिटे होतो. सायन उदयमाने देऊन त्यांवर निरयन राशींची नावे लिहिणारे कोष्टक विद्यार्थ्यास नकळत चूक शिकविते. चांगल्या प्रवेशिकेची ही पहिली परीक्षा समजावी.

हे सर्व त्रैराशिकाच्या आवाक्यातले आहे. आठवडाभर बसणाऱ्या मॅट्रिक विद्यार्थ्यास ते येते, आणि आले की त्याला एक दुर्मिळ अनुभव मिळतो : आपल्या गावाच्या क्षितिजावर अमुक वेळी अमुक तारा उगवेल असे त्याने कागदावर काढलेले असते, आणि तो तारा तेथे उगवतो. प्रवेशिकेवरील त्याचा विश्वास या अनुभवातून जन्मास येतो, आणि तेवढ्यापुरता तो सर्वथा योग्य आहे.

४

दुसऱ्या पुस्तकाकडे वळताना भाषा बदलते. हा बदल व्याकरणाच्या अंगाने तपासता येतो. गणिताच्या प्रकरणांतील क्रियापदे विध्यर्थी असतात : गुणावे, भागावे, मिळवावे, वजा करावे. कर्ता विद्यार्थी असतो, आणि प्रत्येक आज्ञेनंतर हाती काही तरी येते जे पडताळता येते. संहितेच्या, विशेषतः मुहूर्ताच्या प्रकरणांतही विध्यर्थच असतो : करावे, करू नये, वर्ज्य करावे. परंतु येथील आज्ञा आचाराची आहे. तीत सत्यासत्याचा प्रश्न नसून संमतीचा आहे. रत्नमालेची टीका या दुसऱ्या वर्गात पडते, आणि म्हणून ती आचाराचा ग्रंथ म्हणून आजही निर्विवादपणे वाचता येते. होरेच्या प्रकरणांत मात्र विध्यर्थ मावळतो आणि सार्वकालिक वर्तमान येतो : असा मनुष्य विद्वान असतो, त्यास स्थावर लाभते, तो मातृसुखास मुकतो. कर्ता आता विद्यार्थी राहिलेला नाही. तो वाचक झाला आहे. त्याला करावयाचे काही उरलेले नाही, मानावयाचे मात्र पुष्कळ आहे.

या वर्तमानाबरोबर काही अव्ययेही प्रवेश करतात : बहुधा, प्रायः, इतर योग अनुकूल असता, शुभग्रहांची दृष्टी नसल्यास. गणितभागात ही अव्यये नसतात. तेथे पलभा ‘बहुधा’ ४ अंगुळे असत नाही. शास्त्रीय लेखनात मर्यादादर्शक शब्द असणे हा दोष नाही. परंतु मर्यादा सांगितली म्हणजे ती केव्हा लागू व केव्हा नाही हेही सांगितले पाहिजे. फलभागात ते नंतर, घटना घडून गेल्यावर ठरते.

तथापि दोन भागांतील खरा सांधा गणित आणि फल यांच्या मधोमध असलेल्या ‘बल’ या प्रकरणात आहे. श्रीपतीच्या जातकपद्धतीने आणि तिच्या अनुयायांनी ग्रहबलाचे गणित सविस्तर दिले. त्यांतील उच्चबल हे सर्वांत सोपे उदाहरण. ग्रह आपल्या नीचबिंदूपासून जितका दूर, तितक्या अंशांस ३ ने भागले की षष्ट्यंशांत उच्चबल येते. रवीचे नीच तुळेच्या १० अंशांवर. रवी मकरेच्या १० अंशांवर असता अंतर ९०, म्हणून बल ३०. भागाकार अचूक आहे, रवीचा अंश वेधाने खरा ठरणारा आहे. पण हे ३० कशाचे? छायेचे मोजमाप अंगुळांत होते, कालाचे पळांत. बल कशात मोजले? ज्या राशीस मापकच नाही तिचे हे मापन आहे. विद्यार्थ्याची पेन्सिल मात्र थांबत नाही, कारण कृती तीच आहे : वजा करावे, भागावे. विंशोत्तरी दशेतही असेच घडते. शुक्रास २० वर्षे, शनीस १९, बुधास १७ ही वाटणी कोणत्याही वेधावरून आलेली नाही, पण तिच्यावर चालविलेले त्रैराशिक दिवसापर्यंत शुद्ध असते. गणिताची शिस्त आणि गणिताचा विषय या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ज्या पानावर सांगावयास हवे ते पान हेच. आणि प्रवेशिका येथे एक अक्षरही लिहीत नाही.

परिभाषेनेही हा सांधा झाकण्यास साहाय्य केले आहे. ‘केंद्र’ हा शब्द गणितात ग्रहाचे उच्चापासूनचे अंतर दाखवितो आणि फलात पहिले, चौथे, सातवे, दहावे स्थान. दोन्ही ठिकाणी तो मूळच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. होरा, द्रेष्काण, लिप्ता, पणफर, आपोक्लिम, जामित्र ही त्याच वाटेने आलेली भावंडे. ताजिकातील इत्थशाल, ईसराफ, सहम ही नावे अरबी आहेत. विदर्भाच्या नीलकंठाने ती संस्कृत छंदांत बसविली. परकी शब्द घेतल्याने शास्त्र हीन ठरत नाही. उलट या ज्योतिष्यांच्या मोकळेपणाचे ते गमक आहे. प्रवेशिकांनी मात्र या शब्दांची ‘ऋषिप्रणीत’ म्हणून भलावण केली. परिणामी विद्यार्थी त्यांचा इतिहास विचारीनासा झाला, आणि ज्या विद्येला इतिहास आहे ती बदलू शकते, हे त्याच्या ध्यानी येईनासे झाले.

५

गणित आणि फल यांच्या स्वभावातील भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो वादाच्या प्रसंगी. ग्रहलाघवावरून केलेली पंचांगे आकाशाशी जुळेनाशी झाली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्यांतून पटवर्धनी पंचांग निघाले. विसाजी रघुनाथ लेले आणि दीक्षित यांनी सायन मानाचा पक्ष घेतला. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने परिषदा भरल्या. अखेरीस १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे विद्वद्रत्न डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे मराठी सभासद होते. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. शंभर वर्षांच्या या वादात जुन्या गणिताचा अभिमान बाळगणारे पुष्कळ होते; पण ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी दिसू लागल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. वाद वेधाने मिटला.

एक वाद मात्र शिल्लक राहिला : राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता? चित्रापक्ष आणि रैवतपक्ष यांच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतरांत १४-१५ जानेवारीस. ग्रह आकाशात कोठे आहे याविषयी दोन्ही पक्ष एकमत आहेत. त्या स्थळास कोणता अंक द्यावयाचा एवढाच मतभेद आहे. आरंभबिंदू हा संकेत असल्यामुळे गणिताच्या दृष्टीने दोन्ही पक्ष निर्दोष आहेत.

परंतु फलाच्या दृष्टीने? चांदूरच्या एखाद्या मुलाचा जन्मचंद्र चित्रापक्षाने भरणी नक्षत्राच्या ४ अंशांवर आहे असे समजू. नक्षत्र १३° २०′ चे. भोग्य ९° २०′. म्हणून जन्मसमयी शुक्रदशेची १४ वर्षे शिल्लक. रैवतपक्षाने तोच चंद्र भरणीच्या ८ अंशांवर. भोग्य ५° २०′. शुक्रदशेची ८ वर्षे शिल्लक. सहा वर्षांचा फरक पडला, आणि तो आयुष्यभर प्रत्येक दशेस चिकटून राहणार. एका पंचांगाने जो काल विवाहाचा, तो दुसऱ्याने कदाचित अपयशाचा. फल जर खरोखर अनुभवास येत असेल, तर हा वाद अनुभवानेच मिटावयास हवा होता : कोणत्या पक्षाची भाकिते अधिक खरी ठरतात हे पाहिले की निकाल लागला असता. तसे घडले नाही. दोन्ही पक्षांचे फलज्योतिषी आपापल्या अनुभवाबद्दल सारखेच समाधानी राहिले. परस्परविरुद्ध गृहीतांवर उभारलेल्या दोन पद्धती आपापल्या अनुयायांना सारख्याच ‘प्रचीती’च्या वाटतात, तेव्हा ती प्रचीती ग्रहांवर अवलंबून नाही, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

रीतसर परीक्षेचे एक उदाहरणही उपलब्ध आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. चाचणीत भाग घेण्यास तयार झालेल्या ५१ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन त्या दोन गटांत लावण्यास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठविली. यशाचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे फेकून याहून वाईट उत्तर आले नसते. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. यावर असा आक्षेप घेतला जातो की बुद्धिमत्ता हा कुंडलीतील एक सूक्ष्म विषय असून तो अशा स्थूल विभागणीत सापडत नाही. आक्षेप विचारार्ह आहे. पण प्रवेशिकेच्या परीक्षकाला तो स्वीकारता येत नाही. कारण प्रवेशिकेत बुद्धीचा विचार पंचमस्थान, बुध आणि गुरू यांवरून पहिल्या काही धड्यांतच निःशंकपणे शिकविलेला असतो. नवशिक्यास जे सुगम म्हणून सांगितले, ते परीक्षेच्या वेळी दुर्गम ठरावे, हा पुस्तकाचा दोष होय.

६

फलभागाची एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कुंडली घेऊन येणारा मनुष्य बहुधा भाकीत मागत नाही. तो आपली अडचण बोलून दाखविण्यास एक निमित्त शोधत असतो. साडेसाती, राहूची दशा, छत्तीस गुण या शब्दांनी मराठी समाजाला दुःखाविषयी आणि नातेसंबंधांविषयी बोलण्याची एक भाषा दिली, आणि समाजशास्त्राच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती आस्थेने अभ्यासावी. परंतु भाषा उपयुक्त असणे वेगळे आणि तिच्यातील विधाने खरी असणे वेगळे. ज्या मुलीचा विवाह मंगळामुळे अडला तिच्या बाबतीत हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. त्यावरील वादात दोन्ही बाजूंनी ‘ज्योतिष’ हा शब्द अखंड वापरला. एका बाजूने फलाच्या रक्षणार्थ भास्कराचार्यांचे नाव घेतले. दुसऱ्या बाजूने फलाच्या त्वेषात गणिताकडेही पाठ फिरविली. तीन स्कंध वेगळे केले असते तर वादाचे स्वरूपच बदलले असते.

आजची स्थिती याहूनही चिंताजनक आहे, आणि तिचे कारण यंत्र हे आहे. भ्रमणध्वनीत जन्मवेळ व गाव भरले की कुंडली तयार होते. त्यामुळे अलीकडच्या प्रवेशिकांतून गणित वेगाने गळत चालले आहे : पंचांगाची ओळख दोन पानांत, लग्नसाधन नाहीच, आणि तिसऱ्या प्रकरणापासून फलादेश. जे पडताळता येते ते वगळले गेले आणि जे येत नाही ते उरले. याचा परिणाम चांदूरच्या उदाहरणावरून दिसेल. यंत्रात चांदूर रेल्वेऐवजी चुकून चांदूर बाजार निवडले, तर रेखांशाचा फरक पाव अंशाचा, कालाचा अवघ्या १ मिनिटाचा. ही चूक बव्हंशी निरुपद्रवी आहे. पण अयनांशाच्या रकान्यात एका पर्यायाऐवजी दुसरा राहिला, तर दशा सहा वर्षांनी सरकते. गणित शिकलेल्यास या दोन चुकांचे तारतम्य कळते. न शिकलेला पहिल्या चुकीने घाबरतो आणि दुसरी त्याच्या लक्षातच येत नाही.

नवशिक्यासाठी कसे लिहावे याचा आदर्श मराठीत नाही असे नाही. दीक्षितांनी आपल्या इतिहासग्रंथापूर्वी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले. शाळामास्तराच्या साध्या मराठीत ते वाचकास रात्री अंगणात नेऊन तारे ओळखावयास शिकविते. त्या वाटेने जाणारी, पण लग्नसाधन आणि पंचांग यांनाही स्थान देणारी प्रवेशिका आज लिहिता येईल. तीत पहिला भाग गणिताचा असावा, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावाच्या अक्षांश-रेखांशांवरून तो शिकवावा. दुसरा भाग मुहूर्तादी आचारांचा, समाजाचा इतिहास म्हणून. तिसऱ्या भागात फलविचार वगळू नये. बल आणि दशा यांची कोष्टके कोणत्या गृहीतांवर उभी आहेत हे प्रत्येक कोष्टकाच्या शिरोभागी सांगून तो द्यावा. फल मानावे की न मानावे हे मग विद्यार्थी ठरवील. कोठपर्यंत आपण मोजत होतो आणि कोठून मानू लागलो, एवढे मात्र त्याला कळलेले असेल.

मराठी आणि संस्कृत विभागांपुढे या संदर्भात एक काम पडले आहे. रत्नमालेच्या टीकेचा अभ्यास आजवर मुख्यतः भाषेच्या अंगाने झाला : तिची रूपे, तिचे प्रत्यय, तिचा शब्दसंग्रह. अध्यापनाचा ग्रंथ म्हणून, म्हणजे मराठीत अवघड विषय नवशिक्यास कसा समजावून द्यावा याचा जुना नमुना म्हणून, ती अद्याप पुरती वाचली गेलेली नाही. रोहिणखेडच्या पंडिताचा गणितग्रंथ, मुहूर्तग्रंथ आणि जातकग्रंथ समोरासमोर ठेवून त्यांतील विध्यर्थ आणि वर्तमान यांची गणना केल्यास, वर मांडलेल्या भेदाची चाचणी मूळ संहितांवर घेता येईल. पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा आणि वऱ्हाडाच्या विद्यार्थ्यास जवळचा असा तो विषय आहे.